रत्नाक्काच्या हातचं

हातकार्डाचं पथक आलं तेव्हा रत्नाक्का आमटीला फोडणी देत होती. तिने तिघांनाही उंबऱ्याबाहेर थांबवलं.

"चपला काढा. आणि फोडणी बसेपर्यंत मला बोलायला लावू नका."

तिघं निमूट थांबले. त्यांतल्या दोघांनी नोकरीच्या सुरुवातीला तिच्याकडेच जेवण लावलं होतं. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत मगदूम खानावळ अठ्ठावीस वर्षं चालली होती. पेशंटाबरोबर आलेली खेड्यापाड्यांतली माणसं, नर्सिंगच्या मुली, मेडिकलची पोरं, अशी दिवसाला दीडशे पानं उठायची. रत्नाक्का साठीची झाली तरी भाकरी स्वतःच थापायची. घर जैनाचं, सूर्य मावळायच्या आत ती जेवून घ्यायची, पाणी आधी फडक्याने गाळायची आणि मग उकळायची. नखं वाढवलेली बाई तिने कधी कामाला ठेवली नाही.

पथक आलं होतं ते नव्या कायद्यामुळे. तीन वर्षांपूर्वी टायफॉईडचा जंतू शेवटच्या गोळीलाही जुमानेनासा झाला. तेव्हापासून लोक त्याला पुन्हा जुन्या नावाने, मुदतीचा ताप म्हणायला लागले, कारण ताप खरोखरच मुदत भरल्याशिवाय उतरेना. दवाखान्यात पडून पंधरा दिवस शिरेतून औषध घ्यायचं एवढाच उपाय उरला होता, आणि तो सगळ्यांना लागू पडत नव्हता. लस होती, पण ती नव्या माणसाला वाचवायची. ज्याच्या पोटात जंतूने आधीच घर केलंय त्याला तिचा उपयोग नव्हता. अशी माणसं स्वतः ठणठणीत असतात आणि दुसऱ्यांना ताप देत राहतात. म्हणून सरकारने ठरवलं, की दहाहून जास्त माणसांचा स्वयंपाक जो करतो त्याची शौचाची तपासणी तीनदा करायची. निर्दोष निघाला तर हिरवं हातकार्ड. त्याशिवाय चूल पेटवायची नाही.

"माझ्या हातचं खाऊन अठ्ठावीस वर्षांत कुणाचं पोट दुखलं नाही," रत्नाक्का म्हणाली. "पण कायदा आहे तर घ्या बाई, काय घ्यायचं ते."

अर्ज तिच्या मुलाने, सन्मतीने, आपल्या फोनवर भरला. खानावळीची खरेदी आणि बाहेरची कामं तोच बघायचा. अर्जात बेचाळीस प्रश्न होते. भाजीवाल्याशी बोलता बोलता त्याने सगळ्या प्रश्नांपुढे 'हो' केलं.

नऊ दिवसांनी डॉक्टर नसीम मुजावर स्वतः आली. नसीम पाच वर्षं याच खानावळीत जेवून डॉक्टर झाली होती आणि आता गावाबाहेरच्या एका संशोधन केंद्रात जंतूंच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती. रत्नाक्काला वाटलं, जेवायलाच आली.

"बस. आज दोडका आहे."

"आक्का, आधी तुम्ही बसा." नसीमने तिला हाताला धरून पाटावर बसवलं. "तिन्ही तपासण्यांत जंतू सापडलेत."

"कुणाच्या?"

"तुमच्या."

"मला कुठं ताप आहे?"

"तुम्हाला येणार नाही. पूर्वी कधी आला होता का? मुदतीचा?"

रत्नाक्काला आठवावं लागलं नाही. "हे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी. सन्मती सहावीत होता. एकवीस दिवस अंथरुणात होते. उठले आणि ही खानावळ काढली."

"तेव्हापासून ते तुमच्यात आहेत."

नसीमने तिला समजेल अशा भाषेत सांगितलं. यकृताखाली पित्ताची पिशवी असते. ताप उतरताना काही जंतू तिच्यात जाऊन दडतात. पिशवीत खडे असतील तर त्या खड्यांवर स्वतःभोवती एक चिकट थर चढवून बसतात, दुधाच्या पातेल्याच्या बुडाला खरवड धरते तसे. वरून कितीही औषध ओता, थराखाली पोचत नाही. तिथून ते थोडे थोडे पित्ताबरोबर आतड्यात उतरत राहतात, वर्षानुवर्षं.

"मग आता?"

"आता गोळी आहे. आमच्याच प्रयोगशाळेत झालीय."

त्या गोळीवर नसीमची सात वर्षं गेली होती. वाळू ज्याची बनते त्याच सिलिकाचे कण तिच्यात होते, इतके बारीक की केसाच्या जाडीत दोन हजार मावतील. प्रत्येक कण आरपार सच्छिद्र. "आंबोळीला जाळी पडते बघा, तशी," नसीम म्हणाली. "आंबोळी रस्सा पिते, तसा हा कण ओव्याचा आणि लवंगेचा अर्क पितो." ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल जंतूंना मारतं हे काही नवं नव्हतं. अडचण वेगळी होती. नुसता अर्क घेतला तर निम्मा उडून जातो, उरलेला पोटात आग पाडतो आणि पित्तापर्यंत थेंबभरही पोचत नाही. कणाच्या भोकांत तो कोंडला आणि भोकांवर झाकण बसवलं, की आतड्यातून यकृतात आणि यकृतातून पित्तात तो जसाच्या तसा जातो. झाकण अशा पदार्थाचं होतं, की जंतूंच्या चिकट थरात जो रस असतो त्यानेच ते विरघळावं. म्हणजे कुलूप चोरानेच उघडायचं. उघडलं की अर्क थेट जंतूच्या अंगावर पडतो आणि त्याचं आवरण फाडून टाकतो.

"किती जीव मरणार म्हणजे?" रत्नाक्काने विचारलं.

नसीमला हसू आलं. "कोट्यवधी."

"दुसरा इलाज नाही?"

"नाही, आक्का."

खानावळीला कुलूप लागलं. चाळीस दिवस नसीम रोज सकाळी केंद्रात जायच्या आधी यायची, समोर बसून गोळी द्यायची आणि थोडा वेळ रत्नाक्काचा हात हातात धरून बसायची. गोळीने तोंडाला ओव्याचा वास यायचा. सन्मतीची बारा वर्षांची मुलगी चंदना हसायची, "आज्जी, तुझ्या ढेकरा भज्यांसारख्या येतात." चंदनाची आई, सुनेत्रा, अकरा वर्षांपूर्वी मुदतीच्या तापानेच गेली होती. चंदनाला तिचं काही आठवत नव्हतं. शाळेतून आलं की दप्तर टाकून आज्जीच्या मांडीवर पडायचं, एवढं तिला ठाऊक होतं.

चाळीस दिवसांनंतर सहा तपासण्या झाल्या. सहाही निर्दोष. नसीमने हिरवं कार्ड स्वतः आणून दिलं. या गोळीने बरी झालेली रत्नाक्का सव्विसावी होती.

"आज या गावात तुमच्याइतका स्वच्छ हात कुणाचा नाही," नसीम म्हणाली. ते म्हणताना तिने मान वर केली नाही. पण रत्नाक्का तेव्हा कार्ड कुठं टांगायचं ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी चूल पेटली. पहिलं ताट तिने सन्मतीला वाढलं. सन्मती ताटावर बसला. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि हात तसाच ठेवून बसला.

"काय झालं?"

"पित्त झालंय," तो म्हणाला आणि उठला.

आठवडाभर त्याला पित्त होतं. मग एके दुपारी चंदना शाळेतून आली ती डबा घेऊन. डबा स्टेशनजवळच्या एका बाईकडचा होता.

"हे काय गं?"

"बाबांनी लावलाय. म्हणाले, आज्जीला त्रास नको. आज्जीचं खायचं नाही म्हणाले."

रत्नाक्का तडक माडीवर गेली. सन्मती खिडकीशी उभा होता.

"अरे, मी बरी झाले. सहा कागद आहेत. दीडशे माणसं जेवायलीत खाली, आणि माझ्या पोटच्या पोराला माझी किळस येती?"

"किळस नाही, आक्का."

"मग काय?"

त्याने फोन काढला आणि तिच्या हातात दिला. तिला चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून त्यालाच वाचावं लागलं. "आपल्या नमुन्यातील जंतूशी जुळणारे जुने रुग्ण, एकूण एक्केचाळीस. त्यांपैकी मृत सात. आपल्या घरातील व्यक्ती, एक. सुनेत्रा सन्मती मगदूम, मृत. घरातील इतरांनी त्वरित तपासणी करून घ्यावी."

रत्नाक्का पलंगावर बसली.

"कधी आलं हे?"

"तुझ्या गोळ्या संपायला दहा दिवस होते तेव्हा. मी आणि चंदू जाऊन तपासून आलो. आम्हाला काही नाही. तिला लहानपणीच लस दिली होती."

"दहा दिवस तू..."

"तुझ्या गोळ्या पुऱ्या होऊ देत म्हटलं."

ती त्याच पावली केंद्रात गेली. नसीमने तिला बघितलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

"हे खरं आहे?"

"खरं आहे."

"चुकलं असेल यंत्राचं. सुनेत्राला गेल्याला अकरा वर्षं झाली. तिचं काय राहिलंय तपासायला?"

नसीमने तिला शीतपेटीच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. बावीस वर्षांत गावातल्या मोठ्या दवाखान्यांत मुदतीच्या तापाचे जेवढे रुग्ण आले, त्यांच्या रक्तातले जंतू तिथं गोठवून ठेवलेले होते. जंतू स्वतःची नक्कल करत वाढतो आणि नक्कल करताना कधीतरी एखादं अक्षर चुकतो. साधारण दोन वर्षांत एक. ती चूक मग पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. दोन माणसांच्या जंतूंमधल्या चुका ताडून बघितल्या, की कुणाचा कुणाकडून आला हे घराण्याच्या वंशावळीसारखं मांडता येतं. हातकार्डाच्या कायद्याने ज्यांच्यात जंतू सापडले त्या प्रत्येकाची अशी वंशावळ काढणं सक्तीचं होतं.

"सुनेत्राचं रक्त मीच काढलं होतं, आक्का. तेव्हा मी शिकाऊ होते. त्या नळीवर अक्षर माझं आहे."

"पण मी दीडशे माणसांना घालत होते. बाकीची कशी वाचली?"

ते सांगायचं नसीमच्या जिवावर आलं. तरी तिने सांगितलं. "उकळत्या आमटीत तो जगत नाही. तव्यावरच्या भाकरीत जगत नाही. अन्न शिजून निवल्यावर त्याला हात लागला तर जातो. कालवलेलं असेल, कुस्करलेलं, भरवलेलं. हात कितीही धुतला तरी कधीतरी नखाच्या कडेला राहतो."

दीडशे पानांना रत्नाक्काने कधी हाताने कालवून घातलं नव्हतं. तिथं पळी होती, वाढपी होते. हाताने कालवलं ते मोजक्यांना. तापातून उठलेल्या पोराला, परीक्षेच्या धास्तीने अन्न तुटलेल्या मुलीला, पहिल्यांदा घर सोडून आलेल्या आणि ताटावर रडणाऱ्याला. बाळंतपणानंतर सुनेत्राची भूक मेली होती, तेव्हा दोन्ही वेळा मऊ दहीभात कालवून, समोर बसून, एकेक घास. आणि ताप आल्यावर दवाखान्यातसुद्धा, तोच डबा. एकोणिसाव्या दिवशी सुनेत्राचं आतडं फुटलं.

परक्यांना तिने उकळतं वाढलं होतं. ज्यांना जीव लावला त्यांना हाताने भरवलं होतं.

"त्या एक्केचाळीसांत मी पण आहे, आक्का," नसीम म्हणाली. "दुसऱ्या वर्षाला असताना. माझी परीक्षा बुडाली होती, आठवतं? तुम्ही महिनाभर मला खोलीवर येऊन भरवत होता."

"तुला हे कधी कळलं?"

"तुमच्या गोळ्या चालू असताना."

"आणि तू रोज येऊन माझा हात धरून बसायचीस."

नसीमने शीतपेटीच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"मला बरी करायची होतीस तर करायचीस," रत्नाक्का म्हणाली. "कागद कशाला पाठवायचा? मेलेल्या माणसाचं नाव घालून?"

"त्या एक्केचाळीसांतला एखादा आज तुमच्यासारखाच असेल. ठणठणीत. कुणालातरी भरवत असेल. त्याला शोधायचं तर प्रत्येक घराला कळवावंच लागतं. आणि यंत्राला मेलेला-जिवंत कळत नाही, आक्का. त्याला घर कळतं. 'नको' म्हणायची सोय अर्जात होती."

"सन्मतीने 'हो' केलं."

"हो."

"तुझं बरोबर आहे, बाई," रत्नाक्का म्हणाली. "तुझं सगळं बरोबर आहे." आणि ती चालत घरी आली.

बाहेरच्या चाळीस जणांची नावं नसीमने दिली नाहीत. कायद्याने देता येत नव्हती. पण रत्नाक्काला कुणाची यादी लागली नाही. कोण अचानक जेवायला यायचं थांबलं, कुणाची खोली रिकामी झाली, हे तिला पाठ होतं. त्यातला एक सुदर्शन हारगे. बेडगचा, डिप्लोमाला होता, लाजाळू. परीक्षेच्या दिवसांत तिने त्याला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं. नऊ वर्षांपूर्वी तो तापाने गेला. त्याचे वडील दत्तू हारगे एसटीत ड्रायव्हर होते.

पर्युषण संपलं. क्षमावणीच्या दिवशी घरोघरी जाऊन जाणता-अजाणता झालेल्या चुकीची क्षमा मागायची, हे ती लहानपणापासून करत आली होती. बसायचं, हात जोडायचे, पेढा खायचा, पुढच्या घरी जायचं. त्या दिवशी ती गल्लीत कुणाकडेच गेली नाही. बस धरून बेडगला गेली.

दत्तू हारगे ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. बायको वारल्यापासून एकटेच होते. रत्नाक्काने नाव सांगितलं तेव्हा त्यांनी उठून सतरंजी अंथरली. पाणी दिलं. मग तिने काय ते सांगितलं. गोळी, कागद, जंतूंची वंशावळ, कालवलेला भात.

"कुणी सांगितलं तुम्हाला, त्यात माझं पोरगं आहे म्हणून?"

"कुणी नाही. मीच जुळवलं."

म्हाताऱ्याने तांदळाचं सूप बाजूला सारलं.

"नऊ वर्षं मी नळाच्या पाण्याला शिव्या दिल्या. एकदा टाकीवर दगड मारला, पोलिसांनी धरून नेलं मला. त्या रागावर मी दिवस काढले. आता तुम्ही आलासा. आता मी कुणाला शिव्या देऊ? तुम्हाला? पोरगं सुट्टीला यायचं ते तुमचंच नाव घेत यायचं. आमची ही चिडायची. म्हणायची, त्या आक्काकडंच राहा जा."

"मी क्षमा मागायला आले," रत्नाक्का म्हणाली.

"ती तुमच्यासाठी झाली की. माझं काय?"

ती बसून राहिली. शेवटी म्हातारा म्हणाला, "साडेचारची बस आहे. नंतर एकदम सातला." ती उठली.

दिवाळीच्या आधी सन्मती मामाच्या दुकानात काम बघायला बेळगावला निघाला. चंदनालाही घेऊन.

"माझ्यावर राग आहे तुझा," रत्नाक्का म्हणाली. ती त्याच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"नाही ना. तोच आला असता तर बरं झालं असतं. ओरडलो असतो, भांडलो असतो. ताटावर बसलो की मला तिचं तोंड दिसतं. तू घास पुढं करतीस आणि ती तोंड उघडती. मी दारात उभा राहून बघायचो तेव्हा. मला बरं वाटायचं, आक्का. वाटायचं, काय नशीब हिचं."

"चंदूला सांगितलंस?"

"नाही. तूही सांगू नकोस."

चंदना मात्र समजून चुकली होती, की आज्जीचं आणि बाबांचं भांडण झालंय. कुणाची चूक आहे हे तिने दोघांनाही विचारून बघितलं. दोघंही म्हणाले, माझी.

खानावळ भरलेलीच होती. गिऱ्हाइकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. भिंतीवर हिरवं कार्ड होतं आणि आमटीची चव तीच होती. डिसेंबरात रत्नाक्काने खानावळ कामाच्या बायकांना चालवायला दिली आणि ती खाली खानावळीत उतरायची थांबली.

इकडे नसीमची गोळी गाजत होती. पण वंशावळीचा कागद गोळीपेक्षा पुढे पळाला. एका गावात एका बाईने कागद वाचून विहीर जवळ केली. तिच्या कागदावर तिच्या दोन मुलांची नावं होती. त्यानंतर तपासणीला येणाऱ्यांची रांग आटली. आचारी दुसऱ्याच्याच शौचाचा नमुना द्यायला लागले. लग्नातले स्वयंपाकी कार्डाशिवाय, मागच्या दाराने कामं घ्यायला लागले. ज्यांच्यात जंतू सापडले होते त्यांतलेही निम्मे गोळी न घेता गावं सोडून गेले. ताप पुन्हा वाढला, तसं सरकारने अर्जातली 'नको'ची सोयही काढून टाकली. मग उरलेलेही येईनात. केंद्राच्या कोठारात गोळ्यांची खोकी छताला टेकली.

फेब्रुवारीत नसीम रत्नाक्काच्या माडीवर आली.

"तुम्ही येऊन बसाल का केंद्रात? त्यांच्याशी बोलायला. डॉक्टरचं ते ऐकत नाहीत. बरं झालेलं माणूस समोर दिसलं तर ऐकतील."

रत्नाक्काने आधी तिला पाणी दिलं. "येते," म्हणाली.

ती आठवड्यातून तीन दिवस जायला लागली. समोर बसणाऱ्या बायकांना काय सांगायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ओव्याच्या ढेकरांचं सांगायची, सहा तपासण्यांचं सांगायची. काही ऐकायच्या, बऱ्याच उठून जायच्या.

एक दिवस आरगची शालन कुंभार आली. तिशी ओलांडलेली, शाळेत खिचडी शिजवणारी. तिन्ही तपासण्यांत जंतू सापडले होते आणि गोळी घ्यायला तिला मुख्याध्यापकांनी जवळजवळ ओढतच आणलं होतं. पदर तोंडाशी धरून बसली. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं.

"ते कागदाचं खरं हाय का, आक्का? घरातल्यांची नावं येत्यात?"

"येतात कधी कधी."

"तुमच्या कागदात कोण निघालं?"

नसीम पलीकडच्या टेबलाशी पाकिटं लावत होती. तिचा हात थांबला. गोळी द्यायच्या आधी माणसाला सगळं खरं सांगायचं, खोटं सांगून घेतलेली संमती संमती नसते, हा नियम तिनेच भिंतीवर लावला होता.

"कुणी नाही," रत्नाक्का म्हणाली. "माझ्या कागदात कुणी निघालं नाही."

शालनने श्वास सोडला. पदर खाली घेतला. "मग द्या," ती म्हणाली.

नसीमने वळून रत्नाक्काकडे बघितलं. मग पाकीट फाडलं, गोळी शालनच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला भरून पुढे केला.

शालनने चाळीस दिवसांतला एकही चुकवला नाही. तिचा जंतू गेला. शाळेत साठ पोरं जेवत होती. तिच्या जागी दुसरी बाई आली होती. कार्ड मिळाल्यावर शालन पुन्हा लागणार होती.

कार्डाच्या आधी कागद आला.

दुपारी दोनच्या सुमाराला गल्लीकडच्या दाराची कडी वाजली, तशी रत्नाक्का माडीवरून खाली आली. शालन एकटीच होती. उन्हातून चालत आल्याने तिचा चेहरा लाल झाला होता.

"थोरला," ती म्हणाली. "चार वर्सांखाली गेला तो. सहा वर्सांचा होता."

रत्नाक्का दार धरून उभी राहिली.

"तुमच्याबी कागदात हुतं की कुणीतरी."

"होतं."

"कोण?"

"माझी सून. आणि बाहेरचे सहा."

"मग मला का न्हाई सांगितलासा?"

"सांगितलं असतं तर गोळी घेतली असतीस?"

शालन तिच्याकडे बघत राहिली. "न्हाई," ती म्हणाली. मग, "त्या साठ पोरांचं भलं झालं. माझं काय झालं?"

शालनने पदराने तोंडावरचा घाम पुसला.

"आता मी काय करू, आक्का? धाकटा हाय घरात. सकाळी जेवायला मागत हुता. मी त्याला ताट वाढून दिलं आणि लांब जाऊन बसले. रडायला लागला."

"तुझा हात आता स्वच्छ आहे."

"ते मला म्हाईत हाय." शालनने आपले दोन्ही हात पुढे धरले आणि त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही काय केलासा? तुम्हाला तर वर्स होत आलं."

"मी काही केलं नाही. मला अजून जमलेलं नाही." रत्नाक्काने दार पूर्ण उघडलं. "आत ये. ऊन आहे."

शालन आत आली नाही. ती पायरीवरच बसली, गल्लीकडे तोंड करून. रत्नाक्का थोडा वेळ दारात उभी राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून तीही खाली पायरीवर बसली, दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.